जादा नरांचा हिशेब आधी मांडा



कारखान्याच्या पत्रिकेत बदकांवर लेख आलेला पाहून काही मंडळी हसतील, हे आम्ही धरूनच चाललो आहोत. "उसाचं बिल कवा निंगते ते सांगा ना जी, बदकं घेऊन का करायचं?" असे तोंडावर विचारणारेही आहेत. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण गेल्या काही वर्षांत आपल्या भागात ज्यांच्या ज्यांच्या वावरात शेततळे झाले, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या मनात एक विचार येऊन गेलेला आहे. पाणी आहेच, त्यात पाच-पंचवीस बदके सोडली तर घरच्या बाईच्या हातात अंड्यांचे चार पैसे येतील. विचार चांगला आहे. नुसत्या उसाच्या भरवशावर वर्ष काढण्याचे दिवस राहिलेले नाहीत, हे आम्ही वेगळे सांगायला नको. पण या धंद्याच्या वाटेवर एक खड्डा आहे. त्यात आम्ही स्वतः पडून आलो आहोत, म्हणून तो दाखवणे आमचे काम समजतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या घरी बदकाची ५० पिल्ले आणली. कुठून आणली ते महत्त्वाचे नाही. विकणाऱ्याने फसवले असेही आम्ही म्हणत नाही. त्याने सरसकट पिल्ले म्हणून विकली, आम्ही सरसकट म्हणून घेतली. घरात मात्र हिशेब वेगळाच चालला होता. पन्नास पिल्ले म्हणजे पाच-सहा महिन्यांनी रोज चाळीसेक अंडी, असे घरच्यांनी बोटांवर मोजून ठेवले होते. पहिल्या महिन्यात चार पिल्ले दगावली. तेवढी मर धरलेलीच होती. उरली ४६. चौथा महिना लागला तशी काहींच्या शेपटीवरची पिसे वर वळायला लागली. शेजारचे काकाजी बांधावर उभे राहून मोजत होते. मोजून झाल्यावर म्हणाले, "भाऊ, हे तं अर्ध्याच्या वर दादलेच निंगाले!" खरेच होते. नर २५, माद्या २१.

त्या दिवशी आम्ही हसलो. पुढे हसण्यासारखे काही राहिले नाही. आमच्या घरी आई माळकरी. घरात कापाकापी होणार नाही, हे ठरलेले. विकावे तर व्यापारी नराला पडेल तो भाव सांगे. "आज नाही, पुढच्या बाजाराला पाहू" असे करत दोन महिने गेले. तोवर नर वयात आले. एकेका मादीच्या मागे चार-चार नर लागू लागले. माद्यांच्या मानेवरची पिसे गेली, पाठी उघड्या पडल्या, दोन लंगड्या झाल्या. बदकाची जात पाण्यात जुगते. वर तीन-चार नर चढले की खालच्या मादीचे डोके पाण्याखाली जाते. अशा चार माद्या आम्ही सकाळी तळ्यात मेलेल्या काढल्या. ज्या वाचल्या त्यांनी अंडी घालणे कमी केले. चूक नरांची नव्हती. ते त्यांच्या स्वभावाप्रमाणे वागले. चूक आमची होती. पिल्ले आणण्याच्या दिवशी एक प्रश्न विचारायचा होता, तो आम्ही विचारला नाही. निम्मे नर निघतील, त्यांचे काय करायचे?

आता खाद्याचा हिशेब पाहा. खाकी कॅम्पबेल या अंड्यांच्या जातीचे एक बदक २० आठवड्यांचे होईपर्यंत साधारण साडेबारा किलो खाद्य खाते. त्यानंतर रोजचे १२० ग्रॅम तरी लागते. बाहेर चरायला मिळाले तर थोडे कमी, एवढेच. २१ माद्यांना, पिल्ले काढायची असली तरी, ३ नर पुरतात. म्हणजे २२ नर जादा. बावीस गुणिले साडेबारा म्हणजे २७५ किलो खाद्य. पुढे जितके दिवस ठेवले त्या प्रत्येक महिन्याला आणखी ८० किलोच्या आसपास. ज्या बाईच्या हातात अंड्यांचे पैसे यायचे, तिनेच भरड्याची उधारी दुकानात लिहून ठेवली. हे आमच्या घरात घडले. तुमच्या घरात घडू नये.

उसाच्या कास्तकाराला ही गोष्ट समजायला जड नाही. आपण ऊस टनात मोजतो, पण साखर उताऱ्यावर निघते. काट्यावर वजन दिसते म्हणून कोणी शंभर टन उसाची शंभर टन साखर धरीत नाही. मग पिल्लांच्या बाबतीतच आपण डोकी मोजून अंड्यांचा हिशेब का धरतो? पिल्लांचाही उतारा असतो, आणि तो निम्म्याच्या आसपासच असतो. थोडी पिल्ले घेतली तर तेवढाही भरवसा नाही. दहा पिल्ले घेतली तर त्यांत सात किंवा त्याहून जास्त नर निघण्याची पाळी साधारण सहा वेळांत एकदा येते. हे नशीब नव्हे, साधे गणित आहे.

अंड्याच्या आकारावरून नर-मादी ओळखणारे लोक गावोगाव आहेत. टोकदार अंड्यातून नर, गोल अंड्यातून मादी असे ते सांगतात. कोणी दोऱ्याला सुई बांधून अंड्यावर फिरवतात. त्यावर विसंबून पैसे घालू नका. पक्ष्यांत नर की मादी हे मादीच्या बीजावरून ठरते आणि अंडे बाहेर येण्याआधीच ते ठरून गेलेले असते. माणसात हे उलट आहे, तिथे बापाच्या बीजावरून ठरते. तरी मुली झाल्या म्हणून बोल सुनेलाच लावणारी घरे आपण पाहिली आहेत. असो. माणसात मुलगा हवा, गोठ्यात कालवड हवी आणि खुराड्यात तलंग हवी, असा आपला सगळा कारभार आहे.

नर-मादी ओळखायच्या खऱ्या रीती वयाप्रमाणे वेगवेगळ्या आहेत.

पहिल्या एक-दोन दिवसांत पिल्लू उलटे धरून शेपटीखालचे द्वार हलक्या हाताने उघडून पाहतात. नर असेल तर आत बारीकशी इंद्रियाची गाठ दिसते. कोंबडीच्या पिल्लात ही खूण फार सूक्ष्म असते. १९२० च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी ती रीत बसवली आणि पुढे जपानी कारागीर देशोदेशी जाऊन तासाला शेकडो पिल्ले निवडू लागले. बदकाच्या पिल्लात ती खूण त्या मानाने स्पष्ट असते, म्हणून शिकणे सोपे. पण सोपे म्हणजे कोणीही करावे असे नाही. जोराने दाबले तर पिल्लाच्या आतल्या अंगाला इजा होते आणि ते दगावते. शिकलेल्या माणसाजवळ बसून हात बसल्यावाचून घरी प्रयोग करू नये.

दुसरी रीत आवाजाची. ती फुकट आहे आणि कोणालाही जमते. दीड ते दोन महिन्यांच्या सुमारास पिल्लाचा चिवचिवाट जाऊन आवाज फुटतो. मादीचा आवाज मोठा, स्पष्ट, दूरवर ऐकू जाणारा. नराचा आवाज घोगरा, बसलेला, घसा धरल्यासारखा. नराच्या श्वासनळीच्या बुडाशी हाडाचा एक फुगा असतो, त्यामुळे त्याचा आवाज उघडत नाही. पिल्लू हातात उचलावे. धरले की ते ओरडते, तेव्हा ऐकावे. मोठ्याने ओरडली ती मादी. आमच्या घरच्या बाईने पुढच्या वर्षी डोळे मिटून ३० पिल्ले अशी निवडली. तिची एकच चूक निघाली. कळपात गोंधळ असला की कान फसतो, म्हणून एकेक पिल्लू बाजूला नेऊन पाहावे आणि मादीच्या पायात रंगीत दोरा बांधावा.

तिसरी खूण शेपटीची. साधारण तीन-चार महिन्यांत नराच्या शेपटीवर एक-दोन पिसे वर वळून कडी होते. ही खूण पक्की, पण उशिराची. तोवर नर बरेच खाद्य खाऊन बसलेला असतो. शिवाय पिसे झडण्याच्या दिवसांत ती पिसेही गळतात. तेव्हा मोठे बदक विकत घेताना शेपटीत कडी नाही एवढ्यावर मादी समजू नये, आवाजही ऐकावा.

रंगाची खूण जातीवर आहे. खाकी कॅम्पबेलच्या नराचे डोके, मान व पाठ मोठेपणी काळपट-हिरवट झाक मारते आणि मादी सबंध मातकट राहते. पांढऱ्या पेकिनमध्ये दोघेही पांढरे, तिथे रंग कामाचा नाही. मस्कोव्ही, म्हणजे ज्याच्या तोंडावर लाल मांसल गाठी येतात ते बदक, त्याचे सगळेच निराळे. त्यातली मादी मोठ्याने ओरडत नाही, नर फुसफुसतो, शेपटीला कडी येत नाही. पण नर वजनात मादीच्या जवळजवळ दुप्पट भरतो, तीच त्याची ओळख. या जातीचा नर साध्या बदकाला लागला तर होणारी पिल्ले वांझ निघतात. म्हणून ज्याला पुढे पिल्ले काढायची आहेत त्याने दोन्ही जाती एका तळ्यावर ठेवू नयेत.

आता सौदा कसा करावा ते सांगतो. समजा आपल्याला २० माद्या हव्या आहेत. सरसकट पिल्ले घेतली तर ४० घ्यावी लागतात, तेही मर न धरता. म्हणजे निवडून दिलेल्या मादीला दुप्पट भाव मागितला तरी पहिल्या दिवशी सौदा बरोबरीत सुटतो, आणि दुसऱ्या दिवसापासून खाद्य वाचते. हे लक्षात घेतले तर "निवडलेलं पिल्लू महाग पडते" ही समजूत टिकत नाही. दोन महिन्यांची, आवाज फुटलेली पिल्ले घेता आली तर त्याहून बरे. ती मर खाऊन उरलेली असतात, आणि नर की मादी ते आपल्याच कानाने ऐकून घेता येते. मात्र दीड-दोन महिन्यांची पिल्ले कोणी फार स्वस्तात देऊ लागला तर सावध व्हावे. पुष्कळदा माद्या आधीच उचललेल्या असतात आणि टोपलीत उरलेले असतात ते नर.

कोंबड्यांच्या बाबतीत सरकारने हा हिशेब कधीच मांडलेला आहे. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत दोन तऱ्हेचे गट ठरवले गेले. एक ८ ते १० आठवड्यांच्या तलंगांचा, त्यात २५ माद्या आणि ३ नर. दुसरा एक दिवसाच्या १०० पिल्लांचा. आकड्याने शंभराचा गट मोठा दिसतो आणि अर्जदाराचे मन तिकडेच ओढ घेते. पण २५ आणि ३ या आकड्यांत जो शहाणपणा आहे तो आपण ओळखला पाहिजे. तिथे नर किती हे घेण्याआधीच ठरलेले आहे.

यापुढची गोष्ट थोडी नाजूक आहे, पण वर्धा जिल्ह्यात राहून ती टाळता येत नाही.

पुष्कळ सभासदांची अशी समजूत आहे की नर नसला तर मादी अंडे देणार नाही. हे चूक आहे. बदक असो की कोंबडी, मादी नराशिवाय तितकीच अंडी देते. फक्त त्या अंड्यातून पिल्लू निघत नाही. म्हणजे ज्याला नुसती अंडी खायची किंवा विकायची आहेत त्याला एकही नर लागत नाही. ज्या घरात अंड्यातल्या जिवाचा विचार होतो, त्या घराला तर नर नसलेला कळपच बरा. सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींनीही १९४२ साली आगाखान पॅलेसच्या तुरुंगात आरोग्यावर जे छोटे पुस्तक लिहायला घेतले, त्यात नर नसलेल्या कोंबडीच्या, पिल्लू न होणाऱ्या अंड्याबद्दल हेच मत दिले आहे. जो दूध घेतो त्याला असे अंडे खायला हरकत नसावी, असा त्यांचा अभिप्राय होता. कोणी खावे, कोणी खाऊ नये, हे आम्ही सांगणार नाही. ज्याचा त्याचा नेम.

पण आमचे म्हणणे त्यापुढचे आहे. नर नसलेला कळप म्हणजे नर जन्मलाच नाही असे नव्हे. आपण २० माद्या निवडून आणल्या, तेव्हा त्यांच्या बरोबरीने अंड्यातून निघालेले २० नर कुठे तरी मागे राहिले. ते कोणी तरी मारले, विकले किंवा उपाशी ठेवले. अंड्यांच्या कोंबड्यांच्या मोठ्या धंद्यात जगभर नर पिल्ले पहिल्याच दिवशी मारून टाकण्याची चाल पडली. आपल्याकडे जत्रेत गुलाबी-हिरवा रंग देऊन जी पिल्ले विकतात, ती बहुधा असलीच नको असलेली नर पिल्ले. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून अशी पिल्ले मारण्यावर कायद्याने बंदी घातली, आणि आता तिथे अंड्यातच नर-मादी तपासण्याची यंत्रे चालतात. गंमत पाहा. फ्रान्समध्ये बदकाच्या काळजासाठी जो धंदा चालतो तिथे नर हवा असतो, आणि जादा ठरून मारली जाते ती मादी. म्हणजे "जादा" हा शब्द निसर्गाच्या वहीत नाही. तो आपल्या खतावणीत आहे.

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. गवळाऊ गाय ही आपल्या जिल्ह्याची. आर्वी, कारंजा, आष्टी हा तिचा मुलूख, आणि हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचे सरकारी केंद्र. आपल्या वाडवडिलांनी ती नुसत्या दुधासाठी पाळली नाही. तिचा गोऱ्हा चपळ निघायचा, बंडीला धावायचा, वखराला चालायचा. गोऱ्हा झाला की घरात पेढे वाटत. ट्रॅक्टर आले, बंडीचे काम गेले, आणि तोच गोऱ्हा जादा झाला. २०१५ च्या मार्चपासून राज्यात बैल व गोऱ्हे कापण्यावरही बंदी आली. कायद्याने विकण्याचा एक रस्ता बंद केला, पण गोऱ्ह्याला काम कोणते द्यायचे ते कायद्याला सांगता येत नाही. आज रात्री उसात शिरणारी जी मोकाट ढोरे आपण हाकलतो, ती कोणाच्या तरी गोठ्यात जादा झालेलीच असतात. म्हणजे नराला काम नसले आणि त्याची सोय आधी केलेली नसली की त्याचा त्रास शेवटी शेजाऱ्याच्या वावरात येतो. बदकाच्या नराचे रूप लहान, पण गोष्ट तीच.

म्हणून आमचे मत असे आहे की ज्याने त्याने पिल्ले आणण्याआधी पुढील तीन वाटांपैकी आपली वाट ठरवावी आणि घरातल्या सगळ्यांना ती सांगून ठेवावी.

पहिली वाट, ज्यांच्या घरी मांस चालते त्यांची. त्यांनी जादा नर वेळेवर काढावेत आणि त्यात लाज मानू नये. पेकिन जातीचा पक्षी दीड ते दोन महिन्यांतच दोन किलोच्या पुढे जातो. खाकी कॅम्पबेल अंगाने हलका, त्याला तीन-साडेतीन महिने लागतात. त्यापुढे ठेवणे म्हणजे खाद्य पाण्यात घालणे. आवाज फुटला की नर वेगळे बांधावेत आणि वयात येण्याआधी मोकळे व्हावे. सणाचा किंवा आठवडी बाजाराचा दिवस आधी धरून गिऱ्हाईक ठरवावे. कापायचे तर जाणत्या हाताने, हाल न करता. पाय बांधून उन्हात दिवसभर टांगून नेणे हे आम्हाला मान्य नाही. खाणाऱ्यालाही ते शोभत नाही.

दुसरी वाट, ज्यांच्या घरी मांस चालत नाही पण अंडी विकायची आहेत त्यांची. त्यांनी सरसकट पिल्ले आणूच नयेत. निवडलेल्या माद्याच आणाव्यात, नर शून्य. पण "आमचे हात कोरडे" असे म्हणू नये. नर मारले गेले ते दुसऱ्याच्या दारात, एवढाच फरक. हे मान्य करून त्या मादीला तरी पुरते आयुष्य, स्वच्छ पाणी आणि कुत्र्या-मांजरापासून रात्रीचा निवारा द्यावा. अंडी संपली म्हणून तिला तळ्यावर बेवारस सोडू नये.

तिसरी वाट, ज्यांना मारायचेही नाही आणि घरी जन्मलेले नर दुसऱ्याच्या गळ्यातही घालायचे नाहीत त्यांची. आमच्या घरी शेवटी हीच वाट निघाली. त्यांनी नर माद्यांपासून पुरते वेगळे ठेवावेत, मधे आडोसा करावा. मादी नजरेसमोर नसली तर नुसत्या नरांचा कळप बऱ्यापैकी गुण्यागोविंदाने राहतो. आणि त्यांना काम द्यावे. नर अंडे देत नाही, पण गोगलगाय खाण्यात मादीपेक्षा कमी नाही. २०२२ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात शंखी गोगलगायींनी कोवळे सोयाबीन कसे फस्त केले ते सर्वांनी ऐकले आहे. दक्षिण आफ्रिकेत द्राक्षाच्या मळ्यांतून गोगलगायी वेचायला बदकांचे कळप रोज फिरवतात. आमचे नर सकाळी दोन तास बांधाने आणि भाजीच्या वाफ्यांच्या कडेने फिरतात आणि बारीक गोगलगायी, अळ्या टिपतात. मोठ्या शंखीचे कवच त्यांच्याने फुटत नाही, ती हातानेच वेचावी लागते. ज्या वावरात गोगलगायीच्या विषारी गोळ्या टाकल्या असतील तिथे मात्र बदक सोडू नये, ते मरते. आणि या वाटेचा खर्च आधी मान्य करावा. पाच-सहा नर घरच्या दाण्यावर, उरल्यासुरल्यावर निभतात. बावीस निभत नाहीत, हे आम्ही पाहिले. आमचे आता सहा आहेत. बाकीचे आम्ही विकले. ते कुठे गेले ते आईला आम्ही सांगितले नाही आणि तिनेही विचारले नाही. पण ज्या दिवशी पाट्या भरून गेल्या त्या दिवशी ती जेवली नाही. आधी हिशेब मांडला असता तर हा दिवस घरात आला नसता, एवढेच आमच्या मनाला लागून राहिले आहे.

एकेकट्याने हे सगळे करणे जड जाते, म्हणूनच आपण सहकारात आहोत. उसाचे बेणे जसे आपण ज्याला जिथे मिळेल तिथून आणत नाही, चांगला मळा पाहून एकत्र आणतो, तसेच पिल्लांचे व्हावे. आमच्या सूचना मोजक्या आहेत. शेततळे असलेल्या आणि इच्छा असलेल्या सभासदांची गटवार यादी व्हावी. पिल्ले एकत्र मागवावीत आणि गावातल्या एक-दोन घरांनी ती दोन महिन्यांपर्यंत सांभाळून, आवाजावरून निवडून माद्या वाटाव्यात. नरांची विल्हेवाट त्याच ठिकाणी, ठरलेल्या गिऱ्हाइकाकडे, ठरलेल्या आठवड्यात व्हावी आणि त्याचा पैसा मादीच्या भावातून वजा व्हावा. ज्यांना पिल्ले काढायची आहेत त्यांनाच नर द्यावेत, पाच ते सात माद्यांमागे एक. आणि पशुसंवर्धन खात्याला विनंती करून आपल्या भागातल्या दोन-चार बायांना किंवा तरुण पोरांना एक दिवसाचे पिल्लू निवडण्याचे शिक्षण मिळवून द्यावे. हा हातचा हुन्नर आहे. ज्याला आला त्याला गावोगावी मागणी येईल.

यात कारखान्याचा पैसा गुंतवा असे आमचे म्हणणे नाही. फक्त जमवाजमव करा, एवढेच मागणे. वार्षिक सर्वसाधारण सभेत जोडधंद्याचा विषय निघतो तेव्हा नेहमी किती पिल्ले वाटली याचा आकडा सांगतात आणि टाळ्या पडतात. यंदा सभासदांनी उठून एवढेच विचारावे, की त्यांत माद्या किती होत्या आणि नरांचे काय केले? ज्या योजनेला या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, ती योजना अर्धीच मांडलेली आहे, असे आम्ही समजतो.

आणि जे सभासद या पावसाळ्यात पिल्ले आणायला निघाले असतील, त्यांनी टोपली घेऊन घराबाहेर पडण्याआधी घरच्या बाईला आणि म्हाताऱ्या आईला जवळ बसवून विचारावे, "निम्मे नर निंगाले तं का करायचं?" उत्तर एकमुखाने आले तरच जावे. नाही आले तर टोपली खुंटीला टांगून ठेवावी. तळे कुठे पळून जात नाही.